कॅसेट भरून घेणारा चोर नव्हता

प्रति,
उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग, भारत सरकार
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार
सांस्कृतिक कार्य विभाग आणि गृह विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: गाणी व चित्रपटांच्या विनापरवाना प्रतींना सरसकट ‘चोरी’ ठरवण्याबाबत

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि शाळा सांभाळून गाणी लिहीत होतो. १९९३ साली माझी नऊ गाणी एका कॅसेटवर निघाली. ती आमच्या भागातील एका गोंधळी गायिकेने गायली होती. संबळ आणि तुणतुणे त्यांच्या घरच्याच माणसांनी वाजवले आणि पुण्यातल्या एका स्टुडिओत सकाळी सुरू झालेले काम रात्री साडेअकराला संपले. मला नऊ गाण्यांचे मिळून पंधराशे रुपये मिळाले. बाईंना किती मिळाले हे मी त्या दिवशी विचारले नाही, आणि ती खंत अजून गेलेली नाही. मुद्रांकाच्या कागदावर मी सही केली, बाईंनी अंगठा दिला. शिक्षक असूनही मी तो कागद शेवटपर्यंत वाचला नव्हता.

खरसुंडीच्या पौषी यात्रेत, जिथे खिलार जनावरांचा बाजार भरतो, तिथे ती कॅसेट दोन-तीन वर्षे वाजत राहिली. पुढे कॅसेट काढणारी कंपनी बंद पडली, टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले, माझ्याकडच्या प्रतीची फीत गुंतून तुटली. बाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या नातीने एके दिवशी फोन करून मला विचारले, ‘गुरुजी, आजीचा आवाज तुमच्याकडे आहे का?’ तो माझ्याकडे नव्हता. दोन वर्षे मी शोधत होतो. शेवटी आटपाडी आगारातून निवृत्त झालेल्या एका एसटी चालकाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली आमची नऊ गाणी मिळाली. त्यांनी मित्राची कॅसेट एका रात्रीपुरती मागून आणली होती आणि दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून ती उतरवली होती. पहिल्या बाजूच्या शेवटी त्यांच्या आईने जेवायला मारलेली हाकही त्या फितीवर आली आहे. त्यांनी कॅसेटच्या कागदावर गायिकेचे आणि माझे नाव बॉलपेनने, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते.

मी ती गाणी संगणकावर घेतली, बाईंचे, वादकांचे आणि माझे नाव लिहून इंटरनेटवर ठेवली आणि त्यांच्या नातीला कळवले. अकराव्या दिवशी ती काढून टाकण्यात आली. बंद पडलेल्या कंपनीची सगळी यादी आपण विकत घेतली आहे, असा दावा एका कंपनीने केला होता. मी त्यांना लिहिले की गाणी तुमची असतील तर मूळ फीत तुमच्याकडे असेल, तिची एक प्रत मला विकत द्या. उत्तर आले की मूळ फीत उपलब्ध नाही. याचा अर्थ असा की ज्यांच्याकडे गाणे नाही त्यांच्याकडे हक्क आहे, आणि ज्याने ते तीस वर्षे जपले त्याच्याकडे गुन्हा आहे. सल्ला विचारण्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात गेलो. ते कोणते, हे सांगण्याची गरज नाही, कारण कुठेही हेच ऐकायला मिळाले असते. तिथल्या अधिकाऱ्यांनी आदराने बसवून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, ‘गुरुजी, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घेतली म्हणजे ती चोरीच की.’

त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे. आपण कायदे करता, आपण जाहिराती करता, आपल्या परिपत्रकांतून शब्द खाली उतरतात आणि तालुक्याच्या कार्यालयात ते सत्य म्हणून उच्चारले जातात. म्हणून हे आपल्याला, आणि सर्वांसमक्ष, लिहीत आहे.

कायदा स्वतः काय म्हणतो ते आधी पाहू. चोरी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये सांगितली आहे: कोणाच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने जंगम वस्तू हलवणे. माझी सायकल चोरीला गेली तर सकाळी मी पायी शाळेत जातो. पण एसटी चालकाने कॅसेट भरून घेतली त्या रात्रीनंतर मित्राची कॅसेट मित्राकडे परत गेली, कंपनीची फीत कंपनीकडेच राहिली, आणि माझे गाणेही माझ्याजवळच होते. म्हणूनच प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, १९५७ च्या कायद्याने या गोष्टीला चोरी म्हटलेले नाही; कलम ५१ मध्ये तिला ‘उल्लंघन’ म्हटले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली, विनापरवाना ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात, त्या तबकड्यांना चोरीचा माल मानायला नकार दिला होता. तो माणूस धंदा करत होता आणि दोषमुक्त करण्याजोगाही नव्हता. तरीही त्याच्या गुन्ह्याला त्याचे स्वतःचे नाव हवे, एवढेच न्यायालयाचे म्हणणे होते.

आपल्या भाषेत अपराधांना नावे कमी नाहीत. चोरी वेगळी, अपहार वेगळा, फसवणूक वेगळी, विश्वासघात वेगळा. शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीत रात्री गुरे सोडणे याला कायद्याच्या मराठीत आगळीक म्हणतात. त्या शेतकऱ्याचे वर्षाचे पीक जाते, गुरे सोडणाऱ्याला शिक्षाही होते, पण पंचनाम्यात कोणी चोरी लिहीत नाही. शब्द नेमका असला की शिक्षा नेमकी बसते. तो सैल झाला की पोलीस पाटलापासून न्यायालयापर्यंत सगळेच सैल होते.

येथे मला माझ्या मित्राबद्दल लिहिलेच पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी ठरेल. त्याने प्लॉट गहाण ठेवून आणि दोन भावांकडून उसने घेऊन एक मराठी चित्रपट काढला. चित्रपट शुक्रवारी लागला आणि रविवारी संध्याकाळी त्याच्याच गावच्या व्हॉट्सअॅप गटात तो आला, चित्रपटगृहात मोबाइलवर उतरवलेला, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट. गावातल्या लोकांनी त्याला अभिनंदनाचे निरोप पाठवले. त्यांना आपण काही गैर केले असे वाटलेही नव्हते. सोमवारपासून खेळ कमी झाले. तो माझ्याकडे येऊन बसला आणि त्याने विचारले, ‘ही चोरी नाही, तर मग काय आहे?’

त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. आज देतो. त्याच्यावर अन्याय झाला, तो पैशांचा होता आणि करणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. पडद्यासमोर मोबाइल धरणाऱ्याला आणि त्यावर जाहिराती लावून कमावणाऱ्या संकेतस्थळांना मी एका शब्दानेही पाठीशी घालत नाही. २०२३ साली आपण सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती केली आणि चित्रपटगृहात चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला, त्याचे मी स्वागत करतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोडल अधिकारी नेमून अठ्ठेचाळीस तासांत असा मजकूर बंद करण्याची सोय केली, तीही माझ्या मित्रासारख्यांना उपयोगाची आहे. नुकसान इतके उघड असताना ते थांबवण्यासाठी त्याला चोरी म्हणण्याची गरज नव्हती, आणि आपल्या त्या दुरुस्तीनेही तसे म्हटलेले नाही. उलट विनापरवाना जागी चित्रपट दाखवण्यासंबंधीच्या कलमात ‘नफ्यासाठी’ हा शब्द घालून तिने फरक केला आहे. हाच फरक जाहिरातीत, ठाण्यात आणि तालुक्याच्या कार्यालयात पुसला जातो.

आता माझ्या तक्रारी सांगतो. सर्व सारख्या वजनाच्या नाहीत. जी सर्वांत जड आहे तिला मी जास्त जागा देणार आहे.

पहिली तक्रार एकाच काठीने सर्वांना हाकण्याची आहे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यात नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायाधीश विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकतात, हेही त्याच कलमात आहे. पण २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्यामुळे नफा होता की नव्हता हा प्रश्न खटल्याच्या शेवटी येतो आणि अटक सुरुवातीला. आमच्या राज्यात तर आणखी एक कायदा आहे, ज्याचे नाव वाचताना धाप लागते: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याचा १९८१ चा अधिनियम. २००९ साली त्या यादीत ‘व्हिडिओ पायरेट्स’ जोडण्यात आले. या कायद्याखाली माणसाला खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. हजारो डिस्क छापणाऱ्या टोळ्यांसाठी तो केला असेल, हे मी मान्य करतो. पण ज्या राज्यात हातभट्टीवाल्याच्या शेजारी चित्रपटाच्या प्रती काढणाऱ्याला बसवले जाते, त्या राज्यातला हवालदार जुने गाणे पाठवणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार गृह विभागाने करावा.

दुसरी तक्रार पुराव्याविना होणाऱ्या दाव्यांची आहे. माझ्या बाबतीत दावा करणाऱ्याला कोणीही कागद मागितला नाही. मला मात्र सर्व कागद मागण्यात आले. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की तक्रारीनंतर एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, ती मी स्वतः कायदा वाचून शोधली, आणि एकवीस दिवस उलटून किती तरी महिने झाले तरी गाणी परत आलेली नाहीत. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम ६० खाली दावा लावता येतो, हेही मी वाचले आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाने नऊ भक्तिगीतांसाठी तो लावावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

तिसरी तक्रार सर्वांत जड आहे, आणि ती हरवण्याची आहे. आपल्या देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला, आणि आज त्याची एकही प्रत अस्तित्वात नाही. तो कोणी चोरला नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले तोवर कित्येक मूकपट आणि बोलपट नाहीसे झाले होते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या. ज्या चित्रपटांच्या मोजक्याच प्रती होत्या ते गेले, ज्यांच्या प्रती गावोगावी विखुरल्या होत्या त्यांना वाचण्याची संधी तरी होती. हा सिनेमाचा इतिहास झाला. त्याच्या कितीतरी पट मोठा साठा कॅसेटचा आहे आणि त्याचा इतिहास लिहायलाही कोणी बसलेले नाही. १९८० नंतरच्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या लहान लहान कंपन्यांनी भारुडे, लावण्या, पोवाडे, वगनाट्ये, आंबेडकरी जलशांची गाणी, वासुदेवाची गाणी आणि देवस्थानांची आरती-पदे काढली. या कंपन्या गेल्या. मूळ फिती भिजल्या, पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, भंगारात गेल्या. जे उरले आहे ते लोकांच्या घरी उरले आहे, आणि त्यात भरून घेतलेल्या कॅसेट पुष्कळ आहेत.

कॅसेट भरून घेणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी तरुण अधिकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. बाजारपेठेत एक दुकान असे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आठ दिवसांनी भरून मिळायची. दुकानदार त्याचे पैसे घेई आणि त्यातले काही गीतकारापर्यंत पोहोचत नसे. तो धंदा होता आणि त्यात माझे नुकसान होते, हे मी लपवत नाही. पण ज्यांनी घरी, मित्राकडून, एका रात्रीपुरती उतरवून घेतली त्यांना मी त्या दुकानदाराच्या रांगेतही उभे करणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने खासगी वापरासाठीच्या योग्य व्यवहाराची सवलत ध्वनिमुद्रणांनाही लागू केली, तेव्हा कायद्यानेच ही रीत ओळखली. त्याच दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या वस्तूची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवायला परवानगी दिली. पण जतन केलेली प्रत घरी बसलेल्या नातीला ऐकवता येत नाही, मग ते जतन कोणासाठी?

आपल्याकडे उतरवून घेणे हे पुण्यकर्म होते. पोथी उतरवून घेणाऱ्याने शेवटी आपले नाव, शक आणि गाव लिहावे, चुकीबद्दल क्षमा मागावी, ही रीत होती. तुकोबांचे अभंग आज हाती आहेत ते संताजी जगनाड्यांसारख्या लिहून ठेवणाऱ्यांमुळे आणि पुढे घराघरांत उतरवलेल्या वह्यांमुळे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा त्यांनी शेवटी बजावले ते इतकेच की यात स्वतःची ओवी कोणी घुसडू नये. प्रत करू नका, असे ते म्हणाले नाहीत. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव गुंफलेले असते. कितीही वेळा उतरवला, कितीही मुखांतून गेला तरी नाव त्याच्यासोबत जाते. पोटाचा प्रश्न त्या काळी वेगळा होता आणि आजच्या कलावंताला केवळ नावावर जगता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी प्रत आणि नाव यांतले नाते त्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते.

त्यावरून चौथ्या तक्रारीकडे येतो. आमच्या नऊ गाण्यांपैकी एक गाणे काही वर्षांपूर्वी नव्या ठेक्यावर, नव्या गायकाच्या आवाजात बाजारात आले. लग्नाच्या वरातीत ते वाजते. त्याच्याखाली गीतकार म्हणून ‘पारंपरिक’ असे छापले आहे. मी जिवंत आहे, माझ्या हस्ताक्षरातली वही माझ्याकडे आहे, आणि मला परंपरेत जमा करण्यात आले आहे. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकले तरी लेखकाचे नाव त्याच्याकडून काढून घेता येत नाही. या वेळी मला कोणत्याही कार्यालयात चोरी हा शब्द ऐकू आला नाही. मीही तो वापरणार नाही, कारण याही गोष्टीला कायद्यात स्वतःचे नाव आहे. पण एवढे सांगतो: एसटी चालकाच्या प्रतीने माझे काही गेले नाही, आणि या नामांकित ध्वनिमुद्रणाने, ज्याचे सर्व परवाने जागेवर आहेत, माझ्याजवळ होते तेवढेही गेले.

पैशांचेही तसेच झाले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकाराला निर्मात्याविरुद्ध वेगळा हक्क सांगता येत नाही. त्यानंतर पस्तीस वर्षे या देशातील बहुतेक गीतकार एकरकमी मानधनावर राहिले. २०१२ मध्ये, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरल्यानंतर, संसदेने लेखक-संगीतकारांना स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, समान वाटा दिला. त्याआधी १९९४ च्या दुरुस्तीने असे ठरवले होते की करारात वेगळे लिहिले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क मूळ धन्याकडे परत येईल आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाईल. चांगली तरतूद होती. माझा कागद तिच्या एक वर्ष आधीचा आहे. माझ्यासारखे अनेक लोककलावंत असेच तारखेच्या अलीकडे राहिले. आम्हाला मिळायचे ते प्रती काढणाऱ्यांनी बुडवले, असे आमच्या नावाने सांगितले जाते, म्हणून हे सांगणे भाग आहे: प्रत्येक कॅसेट दुकानातून पावती घेऊन विकली गेली असती तरी त्या कागदाप्रमाणे मला आणखी एक रुपयाही मिळाला नसता.

प्रती थांबवता येत नसतील तर त्यांतून कलावंताला काही मिळावे, असाही विचार जगात झाला आहे. जर्मनीने १९६५ मध्येच ध्वनिमुद्रण यंत्रांच्या किमतीतून थोडी रक्कम कलावंतांसाठी काढण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे कोट्यवधी टेपरेकॉर्डर आणि नंतर मोबाइल विकले गेले, आणि तशी चर्चाही कधी नीट झाली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. शासनाच्या जाहिराती, परिपत्रके आणि पोलिसांसाठीच्या सूचना यांत विनापरवाना प्रतीला चोरी म्हणणे थांबवावे. ‘प्रताधिकाराचे उल्लंघन’ हा कायद्यातला शब्द वापरावा आणि नफ्यासाठी केलेले व विनानफा केलेले उल्लंघन वेगळे सांगावे.

दोन. जे ध्वनिमुद्रण किंवा जो चित्रपट सलग पाच वर्षे कोठेही विक्रीला वा ऐकायला-पाहायला उपलब्ध नाही, त्याची विनानफा देवाणघेवाण फौजदारी कलमातून वगळावी. हक्कधारकाने ते पुन्हा बाजारात आणले तर त्याचा हक्क पुन्हा पूर्ण लागू व्हावा. दिवाणी दाव्याचा मार्ग त्याला नेहमीच खुला राहील.

तीन. मजकूर काढायला लावणाऱ्याने हक्काचा कागद सादर केल्याशिवाय तक्रार ग्राह्य धरू नये, खोट्या दाव्याला दंड असावा, आणि एकवीस दिवसांची तरतूद समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत कळवणे बंधनकारक करावे.

चार. लोकांपासून रोखून ठेवलेल्या कलाकृतीसाठी कलम ३१ आणि ज्यांचा धनी सापडत नाही त्यांच्यासाठी कलम ३१-अ यांत सक्तीच्या परवान्याची, म्हणजे धन्याच्या संमतीविना शुल्क भरून मिळणाऱ्या परवान्याची, सोय आहे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचे अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून त्यासाठी वाणिज्यिक न्यायालयात जावे लागते. आटपाडीहून कोणी जाणार नाही. जिल्हा पातळीवर, साध्या अर्जावर, ठरावीक शुल्कात हा परवाना मिळावा आणि ते शुल्क कलावंताच्या नावे जमा राहावे.

पाच. १९९५ पूर्वीच्या एकरकमी करारांना १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांचा लाभ मिळेल, असे स्पष्ट कलम घालावे. जिवंत लेखकाच्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ छापणाऱ्याने पुराव्यानंतर तीस दिवसांत नाव दुरुस्त करावे.

सहा. भारतीय चित्रपटांचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० पर्यंतचे सर्व चित्रपट त्या अर्थाने मुक्त झाले आहेत. सार्वजनिक पैशाने जपलेल्या त्यांच्या प्रती, गीतांच्या स्वतंत्र हक्कांचा विचार करून, लोकांना विनामूल्य पाहता याव्यात.

सात, आणि ही सांस्कृतिक कार्य विभागासाठी. घरोघरच्या कॅसेट गोळा करण्याची मोहीम तालुकावार काढावी. कॅसेट आणून देणाऱ्याला ती विकत घेतली होती की भरून घेतली होती, हे विचारू नये, आणि त्या देण्यामुळे त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही असे गृह विभागाने लेखी जाहीर करावे. हे काम आत्ता करायचे आहे. फितीवरचा थर सुटत चालला आहे; मी मागच्या महिन्यात ऐकलेल्या दुसऱ्या एका कॅसेटमध्ये निम्मा पोवाडा नुसती खरखर झाला आहे, आणि तो म्हणणारा शाहीर हयात नाही.

आमच्या नऊ गाण्यांची ती कॅसेट मी चालकांना परत केली आहे, कारण ती त्यांची आहे. मोहीम सुरू झाली तर आम्ही दोघे ती घेऊन येऊ. त्यांची एक अट आहे: आईची हाक पुसायची नाही. बाईंच्या नातीने आजीचा आवाज फोनवर, माझ्या संगणकाला फोन लावून, एकदा ऐकला आहे. तिला तो स्वतःजवळ ठेवायचा आहे आणि मी तिला प्रत पाठवणार आहे. ही गोष्ट मी आपल्यापासून लपवत नाही. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक गीतकार आणि निवृत्त प्राथमिक शिक्षक
आटपाडी तालुका, जिल्हा सांगली